तामान नेगाराच्या वाटा : एका वर्षावनाच्या पर्यटनाचा पूर्वेतिहास

मलय द्वीपकल्पाच्या अंतर्भागात, पहांग, केलांतान आणि तेरेंगानू या तीन राज्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, तेथे तामान नेगारा हे राष्ट्रीय उद्यान ४,३४३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले आहे. वर्षभर पाऊस पडणाऱ्या उष्ण प्रदेशात पानगळीचा स्पष्ट ऋतू नसलेले, अनेक थरांत वाढणारे आणि कायम हिरवे राहणारे जे अरण्य असते, त्याला वर्षावन म्हणतात. सखल भागातील अशा वर्षावनाचा एवढा मोठा, सलग आणि कुऱ्हाडीपासून वाचलेला पट्टा आग्नेय आशियात आता फार थोड्या ठिकाणी उरला आहे.

येथे येणाऱ्या प्रवाशाचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. तेंबेलिंग नदीतून लांबट लाकडी होडीने कुआला ताहान या ठाण्यावर पोहोचावे, तेथून अरण्यातल्या पायवाटांनी हिंडावे, एखादी रात्र प्राण्यांची वाट पाहत लपणात बसून काढावी, आणि अंगात बळ व हाताशी दिवस असतील तर द्वीपकल्पातील सर्वोच्च शिखर असलेल्या २,१८७ मीटर उंचीच्या गुनुंग ताहानची चढाई करावी. नदी, वाट, लपण आणि शिखर या चार गोष्टींभोवती हा सारा प्रवास गुंफलेला आहे. मात्र यांपैकी एकही गोष्ट पर्यटनासाठी जन्माला आली नाही. नदी हा व्यापाराचा आणि बंडाचा मार्ग होता, वाटा वनोपज गोळा करणाऱ्यांच्या होत्या, लपणात बसण्याचे तंत्र शिकाऱ्यांचे होते आणि शिखराचा ध्यास संग्रहालयांसाठी नमुने जमवणाऱ्यांनी घेतला होता. अरण्य ‘पाहायला’ जाण्याचा आजचा रिवाज या जुन्या व्यवहारांवर उभा राहिलेला आहे, आणि ते व्यवहार ज्यांच्या ज्ञानावर चालले त्या माणसांची नोंद घेतल्याशिवाय या उद्यानाचा इतिहास पुरा होत नाही.

अरण्याचे स्वरूप

तामान नेगाराच्या माहितीपत्रकांत हे अरण्य तेरा कोटी वर्षांचे असल्याचे हटकून सांगितले जाते. येथील हवामान दीर्घकाळ उष्ण व दमट राहिले आणि हिमयुगांत उत्तरेकडील खंडांवर बर्फाचे थर पसरले असतानाही हा भूभाग त्यांच्यापासून दूर राहिला, एवढे त्या विधानातील तथ्य महत्त्वाचे आहे. मात्र आज येथे उभ्या असलेल्या वृक्षकुळांची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. या वनातील उंच वृक्षांत डिप्टेरोकार्प कुळाचे प्राबल्य असून या कुळातील अनेक वृक्षांच्या फळांना पंखांसारखे पापुद्रे असतात. मध्य भारतातील साल हा वृक्ष याच कुळातला आहे. गुजरातेत सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची जी अश्मीभूत राळ सापडली, तीही याच कुळातील वृक्षांची असल्याचे रासायनिक परीक्षणातून दिसून आले आहे. त्यामुळे भारतीय भूखंड आशियाला येऊन मिळाल्यानंतर हे वृक्ष तेथून पूर्वेकडे पसरले असावेत, या मताला बळ मिळाले. मलय अरण्याशी भारताचे असलेले नाते असे माणसाच्या इतिहासाहून कितीतरी जुने आहे.

या वनाचे एक वैशिष्ट्य पुढील इतिहास समजण्यासाठी ध्यानात ठेवावे लागते. वर्षावनात पाने, फुले आणि फळे यांचा मोठा भाग तीस-चाळीस मीटर उंचीवरच्या छत्रात, म्हणजे झाडांच्या शेंड्यांच्या सलग थरात असतो. जमिनीवर गवत कमी उगवते आणि म्हणून गवे, हत्ती, सांबर यांसारख्या मोठ्या शाकाहारी प्राण्यांची दाटी ताडोबासारख्या पानझडी वनांच्या तुलनेत विरळ असते. त्यातच झाडोरा इतका घट्ट असतो की दहा पावलांवरचे जनावरही दिसत नाही. म्हणून येथे प्राणी शोधत फिरण्यापेक्षा प्राणी जिथे नक्की येणार तिथे जाऊन थांबणे, हाच मार्ग शिकारी आणि निरीक्षक या दोघांनाही धरावा लागला. अशी जागा म्हणजे चाटण. पाल्यावर जगणाऱ्या प्राण्यांच्या आहारात सोडियमसारख्या क्षारांची उणीव राहते, ती भरून काढण्यासाठी ते खारट माती असलेल्या किंवा क्षारयुक्त झरे पाझरणाऱ्या ठरावीक ठिकाणी वारंवार येतात. गोठ्यातल्या गुरांना क्षारांची वीट चाटायला देतात त्यामागे हेच कारण आहे. मलय भाषेत या जागांना जेनुत किंवा सिरा म्हणतात, आणि तामान नेगाराचा इतिहास बऱ्याच अंशी या जेनुतांभोवती फिरतो.

नदी आणि वनोपजाच्या वाटा

पुरातत्त्वाच्या दृष्टीने तेंबेलिंगचे खोरे द्वीपकल्पातील जुन्या वस्तीचे एक महत्त्वाचे क्षेत्र आहे. येथे नवाश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली आहेत, आणि १९२६ साली आलेल्या महापुरानंतर नदीकाठच्या बातू पासिर गाराम या ठिकाणी काशाच्या एका नगाऱ्याचे अवशेष उघडे पडले. उत्तर व्हिएतनाममधील दोंगसोन संस्कृतीच्या धाटणीचा हा नगारा एवढ्या आतल्या खोऱ्यात पोहोचला होता, यावरून दोन हजार वर्षांपूर्वीही ही नदी दूरच्या देवघेवीशी जोडलेली होती असे म्हणता येते. तेंबेलिंग आणि जलाई या दोन नद्या कुआला तेंबेलिंग येथे मिळतात आणि तेथून पुढे पहांग नदी वाहते. ‘कुआला’ म्हणजे संगम किंवा नदीमुख, आणि रस्ते नसलेल्या प्रदेशात वसाहत, जकात व सत्ता या तिन्ही गोष्टी अशा संगमांवरच एकवटत.

या देवघेवीचा माल अरण्यातून येई आणि तो आणणारे लोक होते ओरांग अस्ली, म्हणजे द्वीपकल्पातील आदिवासी. मलेशियाच्या शासकीय वर्गीकरणात त्यांचे अठरा गट धरले जातात. त्यांपैकी बातेक हा गट तेंबेलिंग, लेबिर आणि आरिंग या नद्यांच्या वरच्या अंगाला पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. बातेकांचे जीवन शिकार, कंदमुळे आणि वनोपज यांवर आधारलेले असून ते लहान लहान गटांनी मुक्काम हलवत राहतात. लांब बांबूच्या फुंकनळीतून इपोह वृक्षाच्या विषारी चिकात बुडवलेली बारीक तीरकाडी मारून ते माकडे, खारी आणि पक्षी असे मुख्यतः झाडावरचे प्राणी टिपतात. व्यापारासाठी ते वेत, डिप्टेरोकार्प वृक्षांची राळ आणि अगरू गोळा करीत. अगरू म्हणजे विशिष्ट जातीच्या झाडाला बुरशीचा संसर्ग झाल्यावर त्याच्या खोडात साचणारे सुगंधी, राळयुक्त काळे लाकूड. असे लाकूड कोणत्या झाडाच्या पोटात तयार झाले असेल हे बाहेरून ओळखण्यास असामान्य अनुभव लागतो, आणि हा अनुभव वनवासींकडे होता. मलय व्यापारी त्यांना मीठ, कापड, तंबाखू, तांदूळ आणि लोखंडी पाती देत आणि तो माल नदीमार्गे किनाऱ्यावर व तेथून चीन, अरबस्तान आणि भारताच्या बाजारांत जाई.

या देवघेवीचे रम्य चित्र रंगवणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत द्वीपकल्पात आदिवासींना गुलाम म्हणून पकडून नेण्यासाठी छापे पडत, आणि बातेकांच्या सामूहिक स्मृतीत त्या भीतीला मोठे स्थान आहे. परक्या माणसाची चाहूल लागताच मुक्काम सोडून अरण्यात आत सरकण्याची जी सवय पुढे प्रवाशांना त्यांचा ‘बुजरेपणा’ वाटली, तिच्यामागे हा अनुभव होता. व्यापारासाठी नदीकडे जावे आणि धोका दिसताच पाणलोटाकडे माघार घ्यावी, या दुहेरी गरजेतून वाटांचे जाळे तयार झाले.

या जाळ्याचे लष्करी मोल पहांगच्या बंडात उघड झाले. १८८८ मध्ये पहांगच्या सुलतानाला ब्रिटिश रेसिडेंट स्वीकारावा लागला आणि जुन्या सरदारांचे महसुली हक्क संकुचित झाले, तेव्हा १८९१ मध्ये दातो बहामान यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. जून १८९४ मध्ये बंडखोरांनी कुआला तेंबेलिंग येथील पोलीस ठाण्यावर हल्ला करून ते घेतले आणि नंतर ते पाणलोट ओलांडून केलांतान व तेरेंगानूच्या हद्दीत उतरले. १८९५ मध्ये ह्यू क्लिफर्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांच्या पाठलागासाठी त्या राज्यांत मोहीम नेली. त्या काळी ती दोन्ही राज्ये सयामच्या प्रभावाखाली होती. १९०९ च्या इंग्रज-सयामी तहानंतर ती ब्रिटिश वर्चस्वाखाली आली आणि तिन्ही राज्यांना स्पर्श करणाऱ्या या डोंगराळ मुलखाविषयी एकत्रित निर्णय घेणे त्यानंतरच शक्य झाले.

शिखराचा ध्यास

बंडाच्या त्याच दशकात गुनुंग ताहानविषयी युरोपीय कुतूहल वाढू लागले. पर्वताच्या उंचीविषयी अतिशयोक्त अंदाज पसरले होते, आणि तेथे अज्ञात वनस्पती व प्राणी मिळतील अशी संग्राहकांची अपेक्षा होती. १८९३ मध्ये एच. एम. बेचर यांनी ताहान नदीमार्गे जाण्याचा प्रयत्न केला, पण अचानक आलेल्या पुरात ते बुडून मरण पावले. १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मोहिमेतील डब्ल्यू. डब्ल्यू. स्कीट यांनी प्रयत्न केला, तोही अपुरा राहिला. मलय लोकश्रद्धांवरील आपल्या ग्रंथामुळे आणि १९०६ मध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या द्वीपकल्पातील आदिवासींवरील बृहद्‌ग्रंथामुळे स्कीट यांचे नाव अभ्यासकांत पुढे सर्वपरिचित झाले.

अखेर १९०५ मध्ये हर्बर्ट सी. रॉबिन्सन यांच्या मोहिमेला यश आले. रॉबिन्सन संग्रहालयाचे अधिकारी होते आणि मोहिमेचा हेतू नमुने गोळा करण्याचा होता. शिखरमाथ्यावर सर्वप्रथम पोहोचले ते या पथकातील मलय सहकारी. रॉबिन्सन आणि लेनर्ड रे यांनी जमवलेल्या वनस्पतींचे वर्णन सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्‍री रिडली यांनी केले, आणि रिडली स्वतः १९११ मध्ये पर्वतावर गेले. सखल भागातील उंच वृक्षांचे वन, त्यावरचे ओक आणि तमालकुळातील वृक्षांचे गिरिवन, आणि माथ्यालगतची वाऱ्यापावसाने खुरटलेली, घटपर्णीसारख्या कीटकभक्षी वनस्पती असलेली झुडपे, असे या पर्वताचे उंचीनुसार बदलणारे वनपट्टे त्यांच्या कामामुळे शास्त्राला परिचित झाले. लिव्हिस्टोना ताहानेन्सिस हा ताड या पर्वताच्या नावानेच ओळखला जातो. आज कुआला ताहानहून निघणारा गिर्यारोहक अनेकदा नदी ओलांडत आणि कडेकपाऱ्या चढत शिखर गाठून सुमारे आठवडाभराने परततो; पश्चिमेकडील मेरापोहहून हीच चढाई थोडक्या दिवसांत होते, पण दोन्ही वाटांवर परवानाधारक वाटाड्या घेणे आवश्यक असते. वाटाड्यावाचून शिखर नाही ही १९०५ मधील वस्तुस्थिती आता नियमाच्या रूपाने उरली आहे.

शिकारी ते रक्षक : थिओडोर हबॅक

तामान नेगाराची स्थापना ज्या व्यक्तीच्या चिकाटीमुळे झाली, ते थिओडोर रॅथबोन हबॅक १८७२ मध्ये लिव्हरपूलजवळ जन्मले आणि विशीत मलायात आले. कुआलालंपूरच्या प्रसिद्ध रेल्वे स्थानकाचे वास्तुरचनाकार आर्थर हबॅक हे त्यांचे बंधू. थिओडोर यांनी रबराच्या मळ्यांत पैसा मिळवला आणि शिकारीत नाव कमावले. १९०५ मध्ये त्यांनी मलय राज्यांतील हत्ती आणि सेलादांग यांच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. सेलादांग म्हणजे मलय गवा. सह्याद्रीतील राधानगरी आणि चांदोलीच्या रानांत आढळणाऱ्या गव्याचीच ही आग्नेय आशियाई उपजाती असून १९०७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी तिला बॉस गाउरस हबॅकी असे नाव दिले. ज्याने या प्राण्याची सर्वाधिक ओळख करून घेतली तो त्याचा शिकारी होता, ही त्या काळातील प्राणिविज्ञानाची स्थिती या नावातच नोंदलेली आहे.

रबराच्या लागवडीसाठी मलायातील सखल वने झपाट्याने तुटत होती आणि मळ्यांच्या कडेला येणारे हत्ती व गवे पिकांचे शत्रू म्हणून मारले जात होते. हे पाहताना हबॅक यांचे मत पालटले. प्राणी संपले तर शिकारही संपेल एवढ्या हिशेबावर ते थांबले नाहीत. वन्यप्राण्यांना माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे जगणे आहे आणि राज्याने त्यासाठी कायमची भूमी राखून ठेवली पाहिजे, असा आग्रह ते धरू लागले. पहांगचे मानद वन्यजीवरक्षक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे अरण्यात मुक्काम केला, बंदुकीऐवजी छायाचित्रणाचे साधन घेऊन चाटणांवर बसून गवे, हत्ती, तापीर आणि गेंड्यांच्या हालचाली नोंदल्या, आणि त्यांवर शास्त्रीय नियतकालिकांत लिहिले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातही त्यांचा मलय गव्यावरील लेख १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाला. या संस्थेची हॉर्नबिल हाउस नावाची वास्तू उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई ही आशियातील निसर्ग-अभ्यासकांची एक भेटीची जागा होती, याची ही एक खूण आहे.

१९२५ मध्ये पहांगमध्ये सुमारे १,३०० चौरस किलोमीटरचे गुनुंग ताहान शिकार-राखीव क्षेत्र जाहीर झाले. पण राखीव क्षेत्राचा दर्जा प्रशासकीय आदेशाने बदलता येत असे, आणि हबॅक यांना बदलता न येणारी व्यवस्था हवी होती. १९३० मध्ये नेमलेल्या मलाया वन्यजीव आयोगाचे काम त्यांच्याकडे आले; मळेवाले, अधिकारी, शेतकरी आणि शिकारी यांच्या साक्षी घेत त्यांनी १९३२ मध्ये तीन खंडांचा अहवाल सादर केला आणि त्यात राष्ट्रीय उद्यानाची शिफारस केली. अडचण राजकीय होती. तिन्ही राज्यांचे सुलतान वेगळे, कायदे वेगळे, आणि भूमीवरचा हक्क प्रत्येक राज्याचा होता. पहांगचे सुलतान अबू बकर, केलांतानचे सुलतान इस्माईल आणि तेरेंगानूचे सुलतान सुलेमान यांनी आपापल्या हद्दीतील भूमी देण्याचे मान्य केले. १९३८ मध्ये केलांतानने आणि १९३९ मध्ये पहांग व तेरेंगानूने आपापले अधिनियम केले आणि इंग्लंडच्या राजाच्या नावाने किंग जॉर्ज पाचवे राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. तीन स्वतंत्र कायद्यांनी बांधलेली ही रचना आजतागायत टिकून आहे, आणि एखाद्या एकट्या राज्याला उद्यानाचा भाग सहज मोकळा करता येत नाही, याचे बरेचसे श्रेय तिला जाते.

हबॅक यांचे काम एकाकी नव्हते. त्याच दशकात, १९३३ मध्ये, आफ्रिकेतील प्राणी व वनस्पती यांच्या रक्षणासाठी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. १९३५ मध्ये ताडोब्यात शिकारीला बंदी आली. १९३६ मध्ये कुमाऊंच्या पायथ्याशी हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्याला आज जिम कॉर्बेट यांचे नाव आहे. शिकाऱ्यांनी रक्षक होण्याचा तो काळ होता. त्या परिवर्तनाची थोरवी मान्य करतानाच त्याची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अरण्याचे भवितव्य ठरवणाऱ्या चर्चेत सुलतान, अधिकारी, मळेवाले आणि शिकारी यांना आवाज होता. त्या अरण्यात राहणाऱ्या बातेकांना नव्हता. उद्यान त्यांच्या भूमीवर आखले गेले, आणि आखणाऱ्यांच्या दृष्टीने ते तेथील रहिवासी असले तरी धनी नव्हते.

मचाण आणि लपण

हबॅक १९४२ मध्ये, जपानी आक्रमणाच्या धामधुमीत मरण पावले. जपानी ताबा आणि त्यापाठोपाठ १९४८ ते १९६० पर्यंत चाललेली ‘आणीबाणी’, म्हणजे साम्यवादी गनिमांविरुद्ध ब्रिटिश व नंतर मलय सरकारने लढलेले युद्ध, यांमुळे अंतर्भागातील अरण्य दीर्घकाळ युद्धभूमी राहिले. अरण्यातील आदिवासी गनिमांना अन्न व माहिती पुरवतील या भीतीने त्यांना हलवून लष्करी ठाण्यांभोवती वसवण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांत रोगराई व हाल यांनी माणसे दगावली. १९३१ मध्ये पूर्ण झालेला द्वीपकल्पाच्या पूर्वेकडील लोहमार्गही या काळात खंडित झाला, कारण जपान्यांनी त्याचे रूळ काढून सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी नेले होते; तो पुन्हा सुरू झाल्यावरच जेरांतुत किंवा तेंबेलिंगच्या छोट्या थांब्यावर उतरून होडीने उद्यानाकडे जाणे पुन्हा शक्य झाले.

३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला आणि इंग्लंडच्या राजाचे नाव जाऊन उद्यान तामान नेगारा, म्हणजे ‘राष्ट्रीय उद्यान’, झाले. त्यानंतरच्या दशकांत वन्यजीव खात्याने प्राणी पाहण्याची जी व्यवस्था रुजवली, तिचे केंद्र बुंबुन होते. बुंबुन म्हणजे चाटणासमोर खांबांवर उभारलेली, पुढच्या बाजूने अरुंद खिडक्या असलेली आणि झोपण्यासाठी फळ्यांच्या खाटा असलेली लपणाची खोली. कुआला ताहानपासून चार-पाच तास चालून जावे लागणारे बुंबुन कुंबांग हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून तेथे रात्र काढणाऱ्याला तापीर, सांबर किंवा रानडुक्कर यांचे दर्शन होण्याची शक्यता असते. हत्ती आणि वाघ क्वचित येतात आणि बहुतेकांना ते दिसत नाहीत.

बुंबुनची कल्पना कोठून आली हे तिच्या रचनेतच दिसते. वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडणे, जमिनीपासून उंच बसून आपला वास खाली जाऊ न देणे, अंधारात आवाजावरून प्राणी ओळखणे आणि त्याच्या येण्याची वेळ जाणणे, ही सारी विद्या चाटणावर शिकार करणाऱ्यांची होती, आणि शिकाऱ्यांना चाटण दाखवणारे मलय खेडूत व ओरांग अस्ली होते. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद करण्याची जी प्रथा रूढ झाली, तिचा पूर्वेतिहासही असाच आहे. पानझडी वनात उन्हाळ्यातला पाणवठा जे काम करतो, ते बारमाही पाण्याच्या वर्षावनात चाटण करते. मचाण तेच राहते आणि हातातले साधन बदलते. त्या बदलामागे मात्र कायदा, विज्ञान आणि नीतीचा मोठा प्रवास असतो. ज्या ठिकाणी प्राण्याचा नक्की घात होई, तेच ठिकाण त्याच्या सर्वांत मोठ्या सुरक्षिततेचे व्हावे, ही या उद्यानाची खरी उपलब्धी आहे.

१९९० च्या दशकात या पद्धतीत दोन भर पडल्या. उंच झाडांच्या बुंध्यांना दोर व शिड्या बांधून जमिनीपासून सुमारे चाळीस मीटर उंचीवरचा झुलता मार्ग उभारला गेला, त्यामुळे जिथे वर्षावनातले बहुतेक जीवन चालते त्या छत्राच्या थरातून सामान्य माणसाला चालता येऊ लागले. दुसरी भर आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या यंत्रांची होती. १९९८ ते २००१ या काळात अशी यंत्रे लावून येथील वाघांचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि पाहणाऱ्याला जे प्राणी कधीच दिसत नाहीत, त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाला.

धरण, गर्दी आणि उणीव

कायद्याने कायम राखलेली भूमीही सुरक्षित नसते हे १९७० च्या दशकात दिसून आले. तेंबेलिंग नदीवर जलविद्युत धरणाची योजना पुढे आली, आणि ती पूर्ण झाली असती तर उद्यानातील सखल वनाचा सर्वांत समृद्ध भाग पाण्याखाली गेला असता. १९४० मध्ये स्थापन झालेल्या मलाया निसर्ग संस्थेने आणि पर्यावरणवादी गटांनी विरोध संघटित केला, आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही योजना बाजूला ठेवण्यात आली. याच वर्षांत केरळमध्ये कुंतीपुळा नदीवरच्या धरणाविरुद्ध लढून सायलेंट व्हॅलीचे वर्षावन वाचवले गेले आणि १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. आशियातील दोन वर्षावनांच्या बाबतीत जवळजवळ एकाच वेळी नागरिकांनी धरणापेक्षा अरण्याला प्राधान्य देण्यास सरकारला भाग पाडले. तेरेंगानूच्या बाजूला मात्र १९८५ मध्ये केन्यिर येथे नदी अडवून मोठा जलाशय झाला, आणि आज त्या जलाशयातून होडीने उद्यानाच्या पूर्व दारापर्यंत पोहोचता येते.

पुढे सडक कुआला ताहानपर्यंत आली, नदीपलीकडच्या खेड्यात तरंगती भोजनगृहे आणि निवासगृहे झाली, आणि वर्षाकाठी येणाऱ्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. पर्यटकांच्या पैशाने संरक्षणाला आधार दिला, परंतु गर्दी नदीकाठच्या थोड्याशा पट्ट्यात साचली आणि उरलेल्या विस्तीर्ण वनात चोरट्या शिकारीला व अगरूच्या तस्करांना वाव राहिला. ज्या गेंड्याच्या सवयी हबॅक यांनी अभ्यासल्या, तो सुमात्री गेंडा मलेशियात उरला नाही; देशातील शेवटची मादी २०१९ मध्ये साबा राज्यात बंदिवासात मेली. द्वीपकल्पातील रानटी वाघांची संख्याही आता दीडशेच्या खाली आल्याचे सांगितले जाते.

ज्यांच्या वाटा, त्यांचा इतिहास

या साऱ्या काळात बातेक उद्यानात आणि त्याच्या कडेला राहतच आले. १९७० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ कर्क एंडिकॉट यांनी आणि नंतर लाय तक-पो यांनी त्यांच्यात राहून केलेल्या अभ्यासातून त्यांच्या जगण्याची अंतर्गत व्यवस्था प्रकाशात आली. प्राण्यांची चेष्टा करू नये, काही खाद्यपदार्थ एकाच विस्तवावर एकत्र शिजवू नयेत, असे निर्बंध ते पाळतात आणि ते मोडल्यास गोबार ही मेघगर्जनेची देवता वादळ व पूर पाठवते असे मानतात. अरण्य नीट राखले नाही तर जगच कोसळेल ही त्यांची धारणा आहे, आणि उद्यानाचे अधिनियम ज्या कर्तव्याची भाषा करतात ते कर्तव्य बातेकांच्या रूढीत कायद्याच्या कितीतरी आधी होते.

कायद्याने त्यांना उपजीविकेपुरती शिकार करण्याची मुभा आहे, पण भूमीवरचा मालकी हक्क नाही. उद्यानाच्या बाहेरची वने तेलताडाच्या मळ्यांसाठी आणि खाणींसाठी तुटल्यावर त्यांचे भ्रमणक्षेत्र आक्रसले, पाणी गढूळ झाले आणि आहार खालावला. २०१९ मध्ये केलांतानच्या बाजूला, उद्यानाच्या दाराशी असलेल्या कुआला कोह येथील बातेक वस्तीत गोवराची साथ येऊन अनेक माणसे मृत्युमुखी पडली. लसीकरणाने टाळता येणारा रोग देशाच्या प्रसिद्ध उद्यानाच्या सीमेवर माणसे मारतो, ही गोष्ट संरक्षणाच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. दुसरीकडे, पर्यटनाच्या पत्रकांत बातेकांची वस्ती ‘पाहण्याचे ठिकाण’ म्हणून येते, तिथे फुंकनळी आणि काड्या घासून अग्नी पेटवण्याचे प्रात्यक्षिक दाखवले जाते. काही कुटुंबांना त्यातून उत्पन्न मिळते, परंतु ज्या ज्ञानाने हे अरण्य जगाला वाचता आले ते ज्ञान काही मिनिटांच्या खेळात आटोपते.

तामान नेगाराच्या इतिहासाची सुरुवात सहसा १९२५ किंवा १९३८ पासून केली जाते, आणि तो राजांच्या औदार्याचा व एका शिकाऱ्याच्या मतपरिवर्तनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हबॅक यांची तळमळ आणि तीन सुलतानांचा करार यांचे मोल निर्विवाद आहे. त्यांच्याविना हे वन आज रबर किंवा तेलताडाखाली असते. तरीही ज्या वाटांवरून गेंड्यांपर्यंत आणि गव्यांपर्यंत हबॅक पोहोचले, ज्या चाटणांवर ते बसले आणि ज्या शिखरावर रॉबिन्सन यांचे पथक चढले, त्या सर्वांची माहिती आधीपासून कोणाला तरी होती. त्या ज्ञात्यांना वाटाड्या, ओझेवाला किंवा प्रेक्षणीय वस्तू एवढीच भूमिका देणारे संरक्षण नैतिकदृष्ट्या अपुरे आहे आणि व्यवहारातही दुबळे आहे, कारण एवढ्या विशाल अरण्यात फासे आणि तस्कर शोधण्यासाठी बातेकांइतकी ओळखीची नजर दुसऱ्या कोणाकडे नाही. उद्यानाच्या कारभारात त्यांना हक्काचे स्थान मिळणे आणि येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला या वाटांचे मूळ सांगितले जाणे, या दोन गोष्टी झाल्या तर १९३८-३९ च्या अधिनियमांनी अर्धवट सोडलेले काम पुरे होण्याच्या मार्गाला लागेल.